सदर बाई मध्ये असताना

माझ्यासाठी आजवर कुणी भांडलेलं नाही. माझ्याशी पुष्कळ जण भांडले, पण माझ्यासाठी कुणी नाही. नवरा वकील असून ही परिस्थिती. लग्नानंतर एकदा बाजारात भाजीवाल्यानं मला किडकी वांगी घातली, तेव्हा मी मोठ्या आशेनं ह्यांच्याकडे पाहिलं होतं. हे म्हणाले, "घेताना बघून घ्यायची ना." प्रकरण तिथंच निकाली निघालं. त्या रात्री भरितात मी मिरच्या जरा सढळ हातानं ठेचल्या, एवढंच काय ते माझं अपील.

त्यामुळे आमच्या थोरल्या जाऊबाईंसाठी त्यांच्या नवऱ्यानं जेलात बसून सरकारवर दावा लावला, ही गोष्ट सांगताना माझा आवाज अजून चिरका होतो. मुलं म्हणतात, आई, तू हे जळून सांगतेस. जळूनच सांगते. भरिताची वांगी भाजल्याशिवाय कुणी खातं का?

जाऊबाईंना सगळे अक्का म्हणायचे. त्यांचं घर पारोळ्याजवळच्या खेड्यात. लहानपणीच्या तापात त्यांचा डावा कान पार गेला होता. उजव्यानं ऐकू यायचं, पण तोंड कानाशी नेऊन हळू बोललं तर. लांबून ओरडलं की सगळा नुसता गोंगाट, असं त्या म्हणायच्या. भाऊ, म्हणजे माझे जेठ, बोलायला मुळातच हळू. शेजारी बसून कानात सांगायची त्यांना सवय. आता असा हळू बोलणारा माणूस जेलात कसा गेला? पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या शेतकऱ्याशी जुंपली आणि भाऊंनी फावड्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. माणूस वाचला, पण डोकं चांगलंच फुटलं होतं. भाऊंना तीन वर्षांची शिक्षा झाली. जळगावच्या जेलात जागा नव्हती म्हणून त्यांना धुळ्याला धाडलं.

मी तेव्हा नवी नवरी. आम्ही दोघं जळगावात एका खोलीत राहायचो. हे एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली होते. हाताखाली म्हणजे अक्षरशः, त्यांच्या हातातल्या फायली ह्यांच्या हातात असायच्या. भेटीच्या दिवशी ह्यांना कोर्ट असायचं, म्हणून अक्कांना धुळ्याला न्यायचं काम सासूबाईंनी माझ्यावर टाकलं. "तुन्हा आवाज खनखनीत शे," त्या म्हणाल्या. सासरी माझं कौतुक झालेलं ते पहिलंच, म्हणून मी लगेच हो म्हटलं. मी जळगावहून लाल गाडीत बसायचे, अक्का पारोळ्याला चढायच्या. मांडीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं गाठोडं, अंगावर एकच ती जांभळी, किनार विटलेली साडी.

भेटीच्या खोलीत दोन जाळ्या होत्या. एका जाळीमागे कैदी, दुसऱ्या जाळीमागे आम्ही, मध्ये हातभर मोकळी जागा आणि त्या जागेत एक शिपाई. नियमच तसा होता, सगळीकडे असतो म्हणे. खोलीत सगळी माणसं एकदम ओरडायची. कुणी खताचं विचारतंय, कुणी पोराच्या तापाचं, एक म्हातारी नुसतीच रडतेय. त्यात भाऊ ओरडणार आणि अक्का ऐकणार, हे घडणं शक्यच नव्हतं. म्हणून मी. भाऊंचं ऐकायचं, अक्कांच्या कानात ओतायचं, त्यांचं उत्तर जाळीवर फेकायचं.

पण आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही. समोर आली तर पदर कपाळाखाली ओढते आणि भिंतीकडे तोंड करते. जेठही तिच्याशी थेट बोलत नाही. तेव्हा भाऊ छताकडे बघून ओरडायचे, "कोनी तरी तिले सांगा, म्हशीले सरकी देत जाय!" आणि मी पदराच्या आतून, भिंतीला, "देतात म्हणावं!" मधला शिपाई एकदा म्हणाला, "बाई, तुम्ही नक्की कुणाला भेटायला आलात?"

एकदा भाऊ बोलायला लागले आणि थांबले. ओठ हलले होते. मग माझ्या पदराकडे त्यांची नजर गेली आणि ते म्हणाले, "सरकी देत जाय." मी इमानदारीत सरकी पोचवली. अक्कांनी मान हलवली.

"हाई नही म्हनत व्हतात त्या," बाहेर आल्यावर अक्का नवऱ्याबद्दल म्हणाल्या. "तोंड दुसरंच बोली राहिनं व्हतं."

मला तिथंच पहिला चटका बसला. माझ्या नवऱ्याचं तोंड जे बोलायचं तेच बोलायचं. चहा दे. टॉवेल कुठाय. त्याच्या मागे दुसरं काही उभंच नसायचं.

पुढे महिनाभरानं एका संध्याकाळी हे कोर्टातून आले ते चप्पल न काढताच घरात. "माझ्या सख्ख्या भावानं दावा लावलाय! सरकारवर! माझ्याशिवाय!"

बातमी ह्यांना वकिलांच्या खोलीत कळली होती, तीही टोमण्यासकट: "काय हो, तुमच्या घरातला मोठा वकील तर जेलात बसलाय म्हणे." भाऊंनी स्वतःच्या हातानं दावा लिहून जेलरसाहेबांमार्फत धुळ्याच्या कोर्टात धाडला होता. सोबतीला एक कैदी होता, तो पूर्वी कुठंतरी टंकलेखक होता, त्यानं 'सदर' आणि 'सबब' हे शब्द पुरवले. बाकी सगळं भाऊंचं. ह्यांनी धुळ्याच्या एका मित्राकडून नक्कल आणवली आणि मला वाचून दाखवली. वाचताना ह्यांच्या तोंडाला कडू काढा प्यायल्यासारखं होत होतं.

"वादीची बायको उजव्या कानाने ऐकते. डाव्या कानाने ऐकत नाही. सरकारच्या जाळीला हा फरक कळत नाही. सबब वादीस बायकोच्या उजव्या बाजूस बसून बोलू देण्यात यावे."

मी म्हटलं, "किती छान लिहिलंय."

"छान? अगं, हा काय दावा आहे? सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दिलीय कुठं? पहिल्या फटक्यात पडेल." मग पुढचा परिच्छेद वाचताना हे थांबले आणि माझ्याकडे पाहून हसायला लागले. मी कागद ओढून घेतला.

"सध्या वादीस आपल्या धाकट्या भावाच्या बायकोमार्फत बोलावे लागते. सदर बाई स्वभावाने चांगली आहे. परंतु सदर बाई मध्ये असताना वादीस म्हशीखेरीज दुसरे बोलता येत नाही."

म्हणजे सरकारवरच्या दाव्यात सरकारची चूक ती जाळी, आणि माझी चूक मी. त्या दिवसापासून घरात माझं नाव 'सदर बाई' पडलं ते आजतागायत. हे अजून फोनवर सांगतात, "सदर बाई बाहेर गेल्यात."

गावात मात्र भाऊंचा डंका. सासूबाई ओट्यावर बसून आल्यागेल्याला सांगायच्या, "मन्हा पोऱ्याले बठ्ठा कायदा पाठ शे!" आणि धाकटा पोऱ्या, जो खरोखर कायदा शिकला होता, तो शेजारी बसून शेंगा सोलायचा. ह्यांचा चेहरा बघून मला ह्यांची दया यायची आणि दोघांचा हेवा एकाच जागी बसतो म्हणून बरंही वाटायचं. ह्यांना भावाच्या दाव्याचा, मला जावेच्या नवऱ्याचा. असं आमचं नवं लग्न.

पहिल्या तारखेला हे स्वतः आले. काळा कोट, वकीलपत्र, पेन, सगळी तयारी. धुळ्याच्या कोर्टाच्या ओसरीत एक लांब बाक होतं. दोन पोलीस भाऊंना घेऊन आले, एका हातात बेडी, बेडीची दोरी हवालदाराच्या मुठीत. भाऊ वाळले होते. ह्यांनी पुढे होऊन, पाया पडून लगेच वकीलपत्र काढलं.

"भाऊ, इथं सही करा. हा दावा आपण मागे घेऊ, रीतसर नोटीस देऊ, मग मी उभा राहतो."

भाऊंनी कागद वाचलासुद्धा नाही. "तू उभा राहिला, का मंग माले आठे आनतीन नही."

"नाहीच आणणार. वकील असला की कैद्याला आणायची गरजच नसते. तुम्हाला त्रास नको म्हणून तर—"

"अरे भो," भाऊ हळू म्हणाले, "माले आनं नही, त मी तिन्हासंगे कसा बोलू?"

ह्यांचं पेन उघडंच राहिलं. दावा होता जाळी काढण्याचा. पण दावा स्वतः चालवायचा म्हणून भाऊंना प्रत्येक तारखेला कोर्टात आणणं भाग होतं, आणि कोर्टाच्या ओसरीत जाळी नव्हती. हे त्यांनी आधी ठरवून केलं होतं की पहिल्या बोलावण्यानंतर लक्षात आलं, ते मला आजही माहीत नाही. विचारणार कशी? मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

हवालदार वयस्क होता. म्हणाला, "पुकारा होईतो बसा. पण मला दिसेल असं." भाऊ अक्कांच्या शेजारी बसले, पण डाव्या बाजूला. अक्का उठल्या, बाकाला वळसा घालून पलीकडे गेल्या. त्यांना जागा द्यायला भाऊ सरकले. दोरी ताणली म्हणून हवालदार उठला. हवालदार सरकला म्हणून दुसरा पोलीस उठला. सगळी सरकारी व्यवस्था एका उजव्या कानासाठी जागा बदलून पुन्हा खाली बसली. मग भाऊ थोडे झुकले आणि बोलायला लागले.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला, पदर ओढून, पाठ फिरवून. रीतच होती. पण पाठीला कान असते तर त्या दिवशी ते लांबून लांबून कोपराएवढे झाले असते. काहीसुद्धा ऐकू आलं नाही. फक्त मधेच अक्का हसल्या. त्यांचं हसू मी तोवर ऐकलेलंच नव्हतं. बुटक्या मडक्यातून पाणी ओतावं तसं, थोडं अडखळत यायचं.

परतीच्या गाडीत मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. "काय म्हणाले?"

"काही नही."

"एवढा वेळ काही नाही?"

"काही नही, पोरी." आणि खिडकीबाहेर बघून पुन्हा ते मडक्यातलं हसू.

माझ्या दुसऱ्या बाजूला हे वर्तमानपत्र वाचत होते. पारोळ्याला अक्का उतरल्या, एरंडोल आलं, ह्यांनी पान उलटलं. मी म्हटलं, "अहो." हे म्हणाले, "हं?" मी म्हटलं, "काही नाही." पण माझं 'काही नाही' खरोखरच काही नाही होतं. अक्कांचं 'काही नही' गच्च भरलेलं होतं.

दावा पहिल्या फटक्यात पडला नाही. सरकारी वकिलांना उत्तर द्यायला वेळ हवा होता. मग न्यायाधीशसाहेब रजेवर होते. मग कागद सापडत नव्हते. जगातले सगळे लोक तारखांना वैतागतात. अक्का तारीख मिळाली की मोजून मोजून घरी आपल्या पोरींना सांगायच्या, जसं काही माहेरचं बोलावणं आलंय. साडी तीच जांभळी, पण आता वेणीला आवळून गंगावन आणि कपाळाला मोठं कुंकू. एका तारखेला अबोलीचा गजरा. जेलातल्या नवऱ्याला भेटायला गजरा! मी जळगावात घरच्या घरी नवऱ्यासमोर दिवसभर असायचे, आणि माझ्या केसाला खोबरेल तेलाखेरीज काही लागत नव्हतं.

दर तारखेला मी बाकावर वीतभर आत सरकायचे. एकदा इतकी सरकले की हवालदार म्हणाला, "बाई, तुम्हाला माझ्या मांडीवर बसायचंय का?" अक्का हसल्या, भाऊ छताकडे बघायला लागले आणि मी घामानं पदर ओला केला.

घरी मी एक प्रयोगही केला. हे चहा मागायचे तेव्हा मी पाठ करून उभी राहायचे. "हं? काय म्हणालात?" पुन्हा मागायचे. "ऐकू नाही आलं." माझा बेत असा, की माणूस उठेल, जवळ येईल, उजव्या कानाशी तोंड आणेल. चौथ्या वेळी हे गल्ली दणाणेल एवढ्यानं ओरडले, "चहा! आणि डॉक्टरकडे जाऊन कान तपासून घे!" शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, "काय झालं हो?"

निकाल उन्हाळ्यात लागला. त्या दिवशी सरकारी वकिलांनी अखेर तेच म्हटलं, जे ह्यांनी पहिल्या संध्याकाळी चप्पल न काढता म्हटलं होतं. नोटीस दिलेली नाही, सबब दावा चालू शकत नाही. हे मागच्या बाकावर माझ्या शेजारी होते. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. हे नखं बघत बसले.

साहेबांनी भाऊंना विचारलं, "तुम्हाला काय सांगायचंय?"

भाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, नोटीस म्हणजे आधी सांगनं ना? मी वरीसभर जाळीतून वरडतोय. मधे सरकारचाच शिपाई उभा ऱ्हातो. त्याले तरी ऐकू गेलं असीन."

कोर्टात हशा पिकला. साहेबही हसले, पण मग त्यांनी चष्मा काढला. "तुमचं गाऱ्हाणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. कायद्यानं हा दावा असा चालत नाही. नोटीस द्या, मग हवं तर पुन्हा या. आणि पुढच्या वेळी वकिलाशिवाय येऊ नका. गरिबांना सरकार मोफत वकील देतं. तुम्हाला इथवर यायचा त्रासही वाचेल." साहेब मनापासून सांगत होते. चांगल्या माणसानं चांगल्या मनानं दार लावून घेतलं, आणि पुढचा पुकारा झाला.

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते सांगते. आलं की, सदर बाई पुन्हा कामावर! आता पुन्हा सगळं माझ्यातूनच जाणार. क्षणभर अगदी ऐटीत मान वर झाली. मग बाहेर अक्का दिसल्या. त्यांना आत बसून काही ऐकू येत नसे म्हणून त्या ओसरीतच थांबायच्या, बाकाची उजवी बाजू धरून. मला बघून हसल्या.

"पुढली तारीख कधी शे?"

आता ते सांगणार कोण? हे तर कागद गोळा करायच्या निमित्तानं आतच रेंगाळले. मी त्यांच्या कानाशी वाकले. इतकी वर्षं बोलते आहे, पण एवढं जड वाक्य पुन्हा तोंडात आलं नाही. "अक्का, आता तारीख नाही."

त्यांनी गजऱ्याला हात लावला, नीट आहे का बघितलं. हवालदार भाऊंना घेऊन बाहेर आला. त्यानं दोरी सैल सोडली आणि तंबाखू मळायला पलीकडे तोंड केलं. भाऊ बसले. त्या दिवशी मी बाकावर बसलेच नाही. कोर्टाच्या नळावर जाऊन उगाच हात धूत राहिले.

पुढच्या भेटीला पुन्हा दोन जाळ्या, मध्ये शिपाई, तोच कल्ला. मी पदर ओढला, भिंतीकडे तोंड केलं, भाऊंनी छताकडे पाहिलं.

"तिले सांगा... म्हशीले..."

मग थांबले. एवढ्या तारखा उजव्या कानात बोलून आलेला माणूस. त्याला आता म्हैस पुरेना. मी तिरप्या डोळ्यानं पाहिलं, तर भाऊंनी छताकडची मान खाली आणली होती. जाळीला दोन्ही हात लावून, नीट माझ्या पदराकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले. ओरडून.

"बाई! तिले सांग! माले तिन्हाबिगर करमत नही!"

रडणारी म्हातारी रडायची थांबली. शिपायानं जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, पदरासकट भिंतीत जावं. पण माझा आवाज खणखणीत, काम माझंच. मी अक्कांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि जे मला कधी कुणी म्हटलं नव्हतं ते मी माझ्या तोंडानं दुसरीला सांगितलं.

"तुमच्याशिवाय करमत नाही म्हणतात."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. चेहरा अगदी साधा. "काय? ऐकू नही उनं."

मी पुन्हा सांगितलं. जरा मोठ्यानं.

"परत सांग."

तेव्हा मला त्यांच्या गालाचा कोपरा हललेला दिसला. पहिल्याच वेळी ऐकलं होतं बाईनं! स्पष्ट! तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज फाटला, आणि जाळीपलीकडे भाऊ पुन्हा छत बघायला लागले होते. "सरकी देते म्हना," अक्का म्हणाल्या. मी ते जाळीवर फेकलं.

घरी पोचले तेव्हा हे वर्तमानपत्र घेऊन बसले होते. "काय म्हणाला भाऊ?"

"काही नाही," मी म्हटलं आणि चहा टाकायला पाठ केली.

पान उलटल्याचा आवाज आला नाही. "असं कसं काही नाही? काहीतरी म्हणाला असेल."

"हं?" मी म्हटलं. "ऐकू नाही आलं."

खुर्ची सरकली. हे उठून स्वयंपाकाच्या ओट्याशी आले, अगदी जवळ. मी उजवा कान पुढे केला. हे शेवटी वकील, बाजू बरोबर घेतली.

"भाऊ काय म्हणाला?" कानात, हळू.

मी नाही सांगितलं. चहा उकळू दिला, आणि पुन्हा म्हटलं, "हं?"